नाकशेठचं गेलेलं नाक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पुढच्या अंगाला गॅरेज आहे आणि मागच्या अंगाला गॅरेजवाल्याचं घर. मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी. त्यामुळे ओट्यावरच्या फोडणीने गाड्या शिंकतात आणि ऑइलचा वास चहाला लागतो. मी वरच्या मजल्यावर राहते. शाळा सुटल्यापासून, म्हणजे माझी नोकरीच संपल्यापासून, सकाळ-दुपार गॅलरीत बसते, आणि गॅलरी येते नेमकी गॅरेजच्या दारावर. त्यामुळे मला शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसावं लागत नाही. भानगडीच वर येतात.

गॅरेजवाल्याला सगळे नाकशेठ म्हणतात. माझ्याहून तो बराच लहान, म्हणून मी एकेरीच बोलते. नाक दिसायला चारचौघांसारखंच, पण गाडी दारात आली की हा बॉनेटला हात लावायच्या आधी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. दोनदा हुंगायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "पट्टा घसरतोय." नाहीतर, "ऑइल गळून सायलेन्सरवर पडतंय, थेंब थेंब." उघडून बघावं तर तसंच असायचं. दुसरे मेकॅनिक यंत्र लावून बघतात, याचं त्याला मनापासून हसू यायचं. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. याच्याइतक्या हक्काने सोलणारा दुसरा नाही पाहिला.

या नाकाचा त्रास घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सारखाच. माझ्या छत्रीला कुबट वास येतो हे त्याने मला चारचौघांत सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी ती उन्हात घातली. बायकोला तर उसंतच नव्हती. गाडीखाली आडवा पडलेला असला तरी तिथून ओरडायचा, "अगं, दूध लागलं!"

ती खिडकीतून म्हणायची, "लागलं नाही हो, लागणार होतं."

"मग तेच तर सांगतोय!"

गेल्या थंडीत त्याला जबरदस्त सर्दी-ताप झाला. अंथरुणातून उठला तेव्हा ताप गेला होता, सर्दी गेली होती आणि जाताना दोघांनी मिळून नाकही नेलं होतं. कशाचाच वास येईना. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

तिने मला जिन्यात गाठलं. पदराने हात पुसत, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, यांचं नाक गेलंय."

"कशावरून म्हणतेस?"

"काल माझ्याकडून बटाटे करपले. इतके, की दारातलं मांजर उठून गेलं. यांनी दोनदा वाढून घेतले."

"मग विचारलंस का?"

"विचारू कशी? विचारलं की त्यांना सांगावं लागेल. आणि बाई, मिरवायला त्यांच्याकडे तेवढंच आहे हो. केस तर कधीच गेले."

तेव्हापासून त्या घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. मी वरून बघत होते.

नाकशेठने आता नवी पद्धत काढली. गाडीवाल्याला आधी विचारायचा, "तुम्हाला वास कसा येतो? तुमचं ऐकून घेतो." लोकांना हे भारी आवडलं. इतका मोठा नाकशेठ आपलं मत विचारतो, म्हणून तेही घरची कामं सोडून वासाचं वर्णन करत बसायचे. मग फेरी व्हायची, हात मागे बांधूनच. पण नजर गाडीकडे नाही, समोरच्या माणसाच्या नाकाकडे. तिथे जरा आक्रसल्यासारखं दिसलं की हा लगेच मान हलवायचा, "आला, आला." शेजाऱ्याच्या पाटीवर डोळा ठेवून बेरीज करणारी मुलं मी जन्मभर पाहिली. त्यांची मान अशीच हलते.

काही दिवस निभावलं. हात कसबी होते, कान शाबूत होते. पण त्याला खरी धास्ती गिऱ्हाइकांची नव्हती. त्याला धास्ती होती आक्काची.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. गावाबाहेर तिची रोपवाटिका आहे. स्वतः पिकअप चालवते, कुंड्या स्वतः उतरवते, आणि रोज फांद्या छाटून छाटून जीभही तशीच झाली आहे. लहानपणी याचं नाक बारा महिने वाहायचं, तेव्हा याच आक्काने त्याला 'शेंबड्या' म्हणून गल्लीभर प्रसिद्ध केलं होतं. पुढे त्याच नाकाने नाव काढलं आणि शेंबड्याचा शेठ झाला, तेव्हा कुठे ते नाव मागे पडलं. आता नाक गेल्याचं तिला कळलं, तर शेठचा पुन्हा शेंबड्या व्हायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि आक्काच्याच पिकअपमधून जळका वास यायला लागला.

मी त्या दुपारी खाली उतरले होते, कारण माझ्यासाठी ती एक रोप घेऊन येणार होती. पिकअप धापा टाकत दारात थांबली. आक्काने विहिरीतून पाणी काढल्यासारखा हँडब्रेक ओढला, खाली उडी मारली आणि माझं रोप माझ्या हातात दिलं.

"धाकट्या, बघ रे. काहीतरी जळतंय. परवा टेकडीवरच्या दवाखान्याच्या बागेची रोपं पोचवायची आहेत. त्या चढावर गाडीने दगा दिला तर रोपांसकट मी खाली."

"तुला वास कसा येतो?" नाकशेठने विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, तुझं ऐकून घेतो आधी."

"जळका येतो! अजून कसा येणार? आणि मी सांगायचं तर तू कशाला?"

"बरं, गाडी ओढते का?"

"नाही ओढत. चढाला रडते. मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी."

हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. न ओढणारी गाडी आणि जळका वास म्हटलं की बहुतेक वेळा क्लच असतो. शिवाय बहिणीला बोलायची संधी. "तुझा डावा पाय क्लचवरून उठतच नसणार. पायपुसणं आहे का ते?"

"माझा पाय काढू नकोस. गाडीचं बघ."

तो फेरीला निघाला. हात मागे, मान किंचित पुढे. पुढच्या चाकापाशी थांबला, दाराशी थांबला, आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दूध लागल्याचा वास आला. चांगला दणदणीत. माझं नाक आक्रसलं. आक्काचंही आक्रसलं.

नाकशेठने आमच्याकडे पाहिलं. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.

"हाच," तो म्हणाला. "हाच तो वास. क्लच प्लेट. जळून कोळसा झालीय तुझी."

आत सांडशी पडल्याचा आवाज आला आणि बायकोचा, "अगं बाई, दूध!"

आक्काने खिडकीकडे पाहिलं. मग भावाकडे. मग माझ्याकडे. मी माझ्या हातातल्या रोपाची पानं मोजल्यासारखं केलं.

ती पिकअपच्या मागे गेली आणि एक कुंडी घेऊन आली. मोठं, पिवळंधमक फूल होतं. "क्लचचं राहू दे. हे बघ, नवीन जात आणलीय. कसा आहे वास?"

नाकशेठने फुलात नाक घातलं. वर आला तेव्हा नाकाच्या शेंड्यावर पिवळे परागकण होते. "वा! मंद आहे, पण छान आहे."

"याला वासच नसतो, धाकट्या."

तो एका जुन्या टायरवर बसला. नाकाचा पिवळा शेंडा पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"कधीपासून?" आक्काने विचारलं.

"थंडीपासून."

आक्काने तोंड उघडलं. आता येणार ते नाव, म्हणून त्याने मान खाली घातली. मीसुद्धा वाट बघत होते. पण ती त्याच्या शेजारच्या टायरवर बसली आणि म्हणाली, "मग इतके दिवस चहा कसा लागला रे तुला?"

"गरम," तो म्हणाला.

आक्काने पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

दारात बायको उभी होती, हातात करपलेलं पातेलं.

"तुला माहीत होतं?" नाकशेठने तिला विचारलं.

"करपलेले बटाटे दोनदा मागून घेतलेत, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

"झालं तुमचं?" आक्का उठली. "एक सांगत नाही, एक विचारत नाही. आणि माझी गाडी जळतेय! वहिनी, ते पातेलं ठेवा आणि बसा माझ्या शेजारी. याचं नाक गेलंय, तुमचं आहे ना?"

"मला गाड्यांतलं काय कळतं, वन्सं?"

"गाडीतलं त्याला कळेल. तुम्ही फक्त हुंगा."

तिघं पिकअपमधून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढून परत आली. पुढे दोघी, मागे कुंड्यांमध्ये नाकशेठ, फांद्या धरून. आल्याआल्या बायको उतरली, पदर खोचला आणि निघाली गाडीभोवती. हात मात्र तिने मागे बांधले नाहीत. कमरेवर ठेवले, बाजारात माळवं निवडायला उभी राहिल्यासारखे.

बॉनेटपाशी वाकली. "इथे काही नाही. गरम लोखंड, बस."

दाराखाली वाकली, जिथून क्लचचा वास यायला हवा होता. "इथे थोडा आहे. पण हा इथला नाही, कुठूनतरी आलाय."

मागच्या डाव्या चाकापाशी ती वाकली आणि खोकली. "इथे! अहो, इथे. इस्त्रीखाली फडकं विसरलं की येतो ना, तसा."

नाकशेठ आता गंभीर झाला होता. "दुधासारखा नाही?"

"छे, दूध गोडसर जळतं."

"रबरासारखा? चप्पल शेगडीजवळ राहिल्यासारखा?"

"नाही हो. फडकंच. कोरडं फडकं आणि तापलेलं लोखंड."

"फडकं म्हणजे ब्रेकचा लायनर, लोखंड म्हणजे ड्रम." त्याने तळहात चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. पलीकडे जाऊन उजव्या चाकापाशी नेला. ते नुसतं कोमट होतं. मग आक्काच्या पाण्याच्या झारीतून डाव्या चाकावर चार थेंब टाकले. थेंब चुरचुरले आणि नाहीसे झाले.

"क्लच नाही," तो म्हणाला. "ब्रेक धरून बसलाय. मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी म्हणालीस ना, तुझ्याच हँडब्रेकने धरलीय. तू पुढे ओढतेस, तो मागे."

चाक निवू दिलं, मग जॅक लावून उचललं. हँडब्रेक सोडलेला होता, तरी चाक हाताने फिरेना. ड्रम ठोकून ठोकून निघाला. आतले ब्रेक शू काळे चकचकीत झाले होते, जळक्या भाकरीच्या पाठीसारखे. हँडब्रेकची केबल आतून इतकी गंजली होती, की ओढली की जायची पण सोडली की परत येत नव्हती.

"बाकी गाडीला गंज नाही, मग इथेच कसा?" तो स्वतःशी पुटपुटत गाडीखाली सरकला. खालून आवाज आला, "आक्का, रोपांना पाणी कधी घालतेस?"

"निघायच्या आधी. गाडीतच. सगळ्या कुंड्या भरल्या की झारी फिरवते. रस्त्यात सुकायला नकोत."

"आणि ते पाणी जातं कुठे?"

"जातं कुठेतरी. भोक आहे ना कोपऱ्यात."

"त्या भोकाखाली काय आहे, ये बघायला."

आक्का वाकली. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक बरोबर केबलवर होतं. रोज सकाळी, नेमाने, मातीचं आणि खताचं पाणी तिने त्या केबलला घातलं होतं.

"रोपांपेक्षा हिचीच निगा जास्त राखलीस," खालून आवाज आला. "फूल कधी धरणार ही?"

"मग रोपांना पाणी घालू नको की काय?"

"घाल ना. फक्त गाडी उगवायची वाट बघू नकोस."

नाकशेठ गाडीखालून बाहेर आला तो तोंडभर हसत. थंडीनंतर त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी केबल घातली, दोन्ही मागच्या चाकांचे शू बदलले, ड्रम घासून साफ केले, आणि हौद्याच्या भोकाला एक रबरी नळी जोडून तिचं तोंड चाकापासून लांब, मागे काढलं. मग हँडब्रेक ओढून सोडला आणि हाताने चाक फिरवलं. फिरलं. आक्काला जवळ बोलावून हँडब्रेक कसा ओढायचा तेही शिकवलं. "हे बघ, एवढाच. विहिरीतून पाणी नाही काढायचं."

तिसऱ्या दिवशी आक्का टेकडीवर रोपं पोचवून परतली, तेव्हा नाकशेठची बायको दारातच उभी होती. चारही चाकांपाशी वाकून आली आणि म्हणाली, "फडकं नाही." मग आक्का उतरली.

आता ही गोष्ट गावभर होणार, हे ठरलेलंच होतं, कारण आक्काच्या पोटात काही राहत नाही. पण ती सांगायची ते असं: "माझ्या भावाच्या गॅरेजात आता दोन माणसं गाडी तपासतात. एक हुंगतं, एक दुरुस्त करतं. आहे का दुसरीकडे असं?" शेंबड्या हे नाव तिने एकदाही काढलं नाही. निदान लोकांसमोर नाही.

त्यामुळे झालं असं, की लोक गाडी घेऊन येतात आणि विचारतात, "वहिनी आहेत का?" ती हात पुसत बाहेर येते. तिच्याकडे गाडीचे शब्द नाहीत, घरचे आहेत. "तेल जास्त तापलंय, पण फोडणी टाकलेली नाही." "प्लास्टिकचं झाकण गॅसजवळ राहिलं." नाकशेठ त्याचं भाषांतर करतो आणि पान्हा उचलतो. कधी कधी जरा फुगतो. परवा एकाने सरळ त्याला बाजूला सारून विचारलं, "वहिनींचं काय मत?" तर हा म्हणाला, "त्यांचं मत दुधाबद्दल घ्या." पण तेवढंच.

मला एक गोष्ट कळत नव्हती. मी एकदा तिला विचारलं, "त्या दिवशी दूध लागलं कसं गं? तू तर ओट्यापाशीच होतीस. मला खिडकीतून दिसत होतीस."

ती पातेलं घासत होती. घासता घासता थांबली. "मी रोज थोडं लावते, बाई."

"मुद्दाम?"

"दुपारच्या चहाचं. थंडीपासून. म्हटलं, कुठला वास परत यायचा तर हाच येईल. इतकी वर्षं त्याच्यावरच तर ओरडलेत." मग पातेलं पालथं घालून म्हणाली, "त्या दिवशी वन्संची गाडी बघायला खिडकीशी गेले आणि जरा जास्तच लागलं."

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी गॅलरीत. नाकशेठ एका गाडीखाली, फक्त पाय बाहेर. एकाएकी पाय हलायचे थांबले, आणि खालून ओरडणं आलं, "अगं, दूध लागलं!"

ती धावत खिडकीशी आली. गॅस बंद होता. दूध अजून आलंच नव्हतं. तिच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं.

"संत्रं आहे हो!"

"मग दुधासारखा वास का येतोय?"

"पण येतोय ना?"

मग गाडीखालून आवाज आला, "येतोय."

नाक परत यायला लागलं आहे, पण नव्या शाळेत घातलेल्या मुलासारखं: हात पहिल्यांदा वर करतं आणि उत्तर चुकीचं देतं. पुदिन्याला टायर म्हणतं, साबणाला खोबरं. रोज दुपारी ती खिडकीतून काहीतरी पुढे करते, हा डोळे मिटून सांगतो, आणि ती म्हणते, "चूक." एखादं बरोबर आलं की मी वरून पेला वाजवते.

पण त्या दिवशी तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. खिडकीशी जाऊन त्याने नुसतं तोंड पुढे केलं. तिने गजांतून हात घालून एक फोड त्याच्या तोंडात ठेवली.

"कसं लागतंय?"

त्याने खूप वेळ चावलं.

"आंबट," तो म्हणाला. "आणि थोडं लागलेल्या दुधासारखं."